ह्या वेळचं दुखणं

लातूरच्या दक्षिणेकडच्या माणसाची एक सोय आहे. त्याला काहीही झालं, तरी कारण शोधत बसावं लागत नाही. गुडघा धरला, भूकंप. झोप लागेना, भूकंप. भिंतीला तडा गेला तर भूकंपच, आणि जावई रुसून बसला तरी एखादी म्हातारी म्हणतेच, "भूकंपापासून मानसंच बिघडली बया." तीस वर्षं उलटली, त्या भागातली निम्मी माणसं त्यानंतर जन्मली, पण दुखण्याचा पत्ता अजून तोच सांगितला जातो.

साखराबाईच्या पाठीच्या बाबतीत मात्र ते खरं होतं. त्या पहाटे औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात घराचं माळवद खाली आलं, तेव्हा नवरा शेषेराव शेतात राखणीला होता आणि घरात ती आणि दहा वर्षांचा शिवशंकर. ती पोरावर पालथी पडली. दगडमातीतून दोघांना काढलं तेव्हा पोराच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता आणि तिचा एक मणका दबलेला होता. कॅम्पातल्या डॉक्टरांनी निजून राहायला सांगितलं, ती राहिली, हाड जुळलं, आणि ती पुन्हा शेतात जायला लागली, फक्त थोडी पुढे झुकून. थंडीत कळ यायची. मग घरात कुणीतरी म्हणायचं, भूकंप उठला.

शिवशंकर शिकला, नांदेडला आला, विष्णुपुरीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटला आणि होता होता हेडक्लार्क झाला. शेषेराव गेल्यावर त्यानं आईला आपल्याकडे आणलं. आईच्या पाठीची गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली होती, की ती घासून घासून गुळगुळीत झाली होती. नव्या प्राध्यापकाला सांगायचा, सोयऱ्यांना सांगायचा, दर तीस सप्टेंबरला कॉलेजात श्रद्धांजली झाली की हमखास सांगायचा. "मायचा एक मणका गेला आणि मी राहिलो," या वाक्याशी त्याचा आवाज घोगरा व्हायचा. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण उपकाराची गोष्ट सांगून सांगून माणसाला वाटायला लागतं की फेडही होत चालली आहे. शिवशंकरचं तसं झालं होतं.

मग त्याच्या मुलीला, शिवांगीला, दहावीत चांगले मार्क पडले. नांदेडात क्लास नव्हते असं नाही, गल्लोगल्ली होते. पण त्याची बायको राजश्री बिलोलीच्या शाळेवर शिक्षिका, आणि तिथल्या सगळ्या बायकांची मुलं लातूरला. डॉक्टर व्हायचं तर लातूरच, हे त्या स्टाफरूममधलं वेदवाक्य. पोरगी लातूरला गेली. मेसचं खाऊन महिन्याभरात तिचं पोट बिघडलं. राजश्रीला लांबची रजा मिळेना, शिवशंकरला तर ऑफिसातून हलताच येईना. तेव्हा असं ठरलं, म्हणजे शिवशंकरनं ठरवलं, की माय लातूरला खोली करून नातीजवळ राहील. लातूरच्या त्या भागात अशा आया आणि आज्या प्रत्येक जिन्यात सापडतात.

"हाव, जाते की," साखराबाई म्हणाली. "हितं बसून तरी काय करून राहिले मी?" आणि पिठाचा डबा बांधायला लागली.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. वापरायचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं, तेही बोअर चालू असेल तर. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बोअरनं मान टाकली, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, आणि मग गल्लीत टँकर उभा राहायला लागला. टँकरवाला जिना चढत नाही. ज्यानं त्यानं आपली घागर भरावी आणि वर न्यावी. शिवांगी पुस्तक ठेवून उठायची, पण आजी तिला दारातूनच परत पाठवायची. "तू वाच. पानी माझ्याकडं."

डिसेंबरात एकदा रविवारच्या फोनवर साखराबाई म्हणाली, "परवा जिन्यात कच्चदिशी झालं रे पाठीत."

"थंडी पडली माय," शिवशंकर म्हणाला. "भूकंप उठला असंल. तेल लाव."

तिनं तेल लावलं. पुढचे चार-पाच रविवार शिवांगीच "आजीला दुखतंय" म्हणत राहिली, तेव्हा जानेवारीत तो ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन लातूरला गेला आणि आईला एका हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथं जे घडलं ते दोन मिनिटांत घडलं, आणि शिवशंकरला ते पुढं जन्मभर पुरणार होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "दोन मणके दबलेत. हे कधीचं आजी?"

"ह्या वेळचं दुखनं..." साखराबाई बोलायला लागली.

"डॉक्टर, ते किल्लारीचं आहे," शिवशंकर म्हणाला. "भूकंपाचं." आणि त्यानं गोष्ट सांगितली. सवयीनं सांगितली, पण चांगली सांगितली. डॉक्टर हळवे झाले. त्यांचीही कुणी मावशी त्या पहाटे गेली होती. "तेव्हाच दबले असणार मग," ते म्हणाले, आणि गोळ्या लिहून दिल्या. साखराबाईनं एकदा मुलाकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. वाक्य तिथंच राहिलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. कॅम्पातल्या डॉक्टरांनी एक मणका म्हटलं होतं. शिवशंकरला ते पाठ होतं, त्याच्या गोष्टीतच होतं, आणि त्या दिवशीही तो 'एक मणका' असंच म्हणाला. उजेडावर मात्र दोन दिसत होते. हा 'दोन' त्याच्या कानापर्यंत आला होता. त्यानं तो आत येऊ दिला नाही. कारण दुखणं नवं असतं, तर मायला नांदेडला न्यावं लागलं असतं, आणि मग पोरीजवळ कोण? दुखणं जुनं निघालं की सगळं जागच्या जागी राहत होतं. त्यानं खोटं सांगितलं नाही. त्यानं फक्त सोयीचं तेवढंच खरं सांगितलं.

बाहेर येऊन त्यानं आईला चहा पाजला. "माय, आता मेडिकलच्या परीक्षेला चारच महिने. पेपर होईपर्यंत काढ."

"काढते की," साखराबाई म्हणाली. शिवशंकरनं दोन प्लेट भजी खाल्ली. त्या भज्यांची चव त्याला पुढं कितीतरी दिवस आठवायची आणि तोंड कडू व्हायचं.

मार्चच्या शेवटी शिवांगीचा फोन आला. ती रडत होती. "पप्पा, आजीला उठताच येईना. घागर घेऊन येताना जिन्यात खाली बसली, ती बसलीच. शेजारच्यांनी उचलून आणली."

तो गाडी करून गेला आणि आईला मागच्या सीटवर निजवून नांदेडला आणलं. रस्ता काही गुणाचा नाही. प्रत्येक खड्ड्याला तो मागे वळून विचारायचा, "दुखून राहिलं का?" आणि ती ओठ आवळून म्हणायची, "न्हाई." बाळंतिणीलाही लाजवील असा घाम तिच्या कपाळावर होता.

नांदेडला एमआरआय झाला. फिल्म बघायला बोलावलं त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डॉक्टर मनस्विनी. साखराबाई बाजूच्या पलंगावर आडवी होती. डॉक्टरांनी दोघांनाही दिसेल असा पडदा वळवला. पाठीचा कणा उभा चिरून दाखवावा तसं चित्र होतं, एकाखाली एक चौकोन.

"हाडाच्या आत मगज असतो," त्या म्हणाल्या. "हाड नव्यानं मोडलं की त्या मगजाला सूज येते. सूज म्हणजे पाणीच. या चित्रात जिथं पाणी, तिथं पांढरं दिसतं. हाड जुळून जुनं झालं की पाणी आटतं, मग ते पुन्हा काळं. एक्स-रेवर हे कळत नाही. दबलेलं हाड तिथं नवं काय, जुनं काय, सारखंच."

त्यांनी पेन टेकवलं. "हा वरचा बघा. दबलाय, पण काळा आहे. हा तुमचा भूकंपाचा. कधीचाच बरा झालाय, गुपचूप बसलाय. याची काही तक्रार नाही."

शिवशंकर त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिला. तीस वर्षं ज्याच्या नावानं त्याचा आवाज घोगरा झाला, तो मणका हा. ज्याच्या नावावर तिच्या अंगातली प्रत्येक कळ खपवली, तो हा. त्याची काही तक्रार नव्हती.

"त्याच्या खालचा हा. करडा-पांढरा. सूज आहे, पण उतरायला लागलीय. दोन-तीन महिन्यांचा असावा, जास्तच थोडा. आणि हा तिसरा." तिसरा मणका चुना फासल्यासारखा पांढराफटक होता. "हा अगदी ताजा. आजी, पाणी वाहत होता का?"

साखराबाई पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती. "म्हंजी ते पांढरं समदं पानीच का, बाई?"

"हो, पाणीच."

"बघ की," ती मुलाला म्हणाली. "लातुरात न्हाई गावलं, आन् माझ्या हाडात गावलं."

डॉक्टर हसल्या. शिवशंकरला हसता आलं नाही.

"आधीचा एक्स-रे आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. तो पिशवीतच होता. त्यानं काढून दिला. नको द्यायला असं क्षणभर वाटलं होतं, हेही खरं. डॉक्टरांनी तो पडद्याशेजारी धरला आणि त्यांचं हसू गेलं. "जानेवारीतला आहे. यात दोन दबलेत. तिसरा शाबूत आहे. हा बघा, चांगला विटेसारखा चौकोनी." त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "जानेवारीत निजवलं असतं, वजन बंद केलं असतं, तर हा वाचला असता बहुतेक. तेव्हा कुणी सांगितलं, हे जुनं आहे म्हणून?"

 शिवशंकरच्या जिभेवर शब्द आला. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"मीच सांगितलं, बाई. म्हाताऱ्या मानसाला काय कळतं? दुखलं की भूकंप म्हनायची सवय लागली."

"असं अंगावर काढू नये आजी," डॉक्टर म्हणाल्या, जरा चिडूनच. "लातूरला नातीसाठी होता ना? माझीही आई अशीच दोन वर्षं येऊन राहिली होती. तिला काही झालं असतं तर मला ही डिग्री लागली नसती अंगाला."

आता बोलायला हवं होतं. चांगली संधी होती, दारही बंद होतं, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. 'डॉक्टर, मी सांगितलं' एवढे तीनच शब्द. हजार लोकांपुढे भूकंपाची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला ते जमले नाहीत. तो मान खाली घालून उभा राहिला आणि त्याला कळलं, की माय पुन्हा एकदा त्याच्यावर पालथी पडली आहे. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. आता एकेचाळीस वर्षांचा घोडा होता आणि मुकाट तिच्याखाली पडून होता.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. पायाकडे जाणारी नस वाचली आहे, नशीब. पट्टा, औषधं, तीन महिने तरी वाकणं नाही, उचलणं नाही, सुरुवातीला पलंगही सोडायचा नाही. आता आणखी एक मणका बसला तर चालण्याचीच खात्री देता येणार नाही.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी साखराबाई पट्टा लावून पलंगाच्या कडेला बसली. "शिवा, मला लातूरला सोड. पोरगी एकटी हाय, बाहेरचं खाऊन राहिली. पट्टा हाय की. पेपर होईपर्यंत काढते."

त्याचंच वाक्य. तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान त्याला उलट बोलता आलं असतं. तो राजश्रीकडे बघायला लागला आणि राजश्री त्याच्याकडे. दोघांच्याही मनात एकच आलं असावं, कारण राजश्री आधी बोलली. "मी रजा टाकते. आत्यांजवळ मी थांबते."

"आणि लातूरला मी जातो," शिवशंकर म्हणाला.

"तू?" साखराबाईनं डोळे मोठे केले. "तुला भाकर येती का?"

"शिकतो."

"पोरगी उपाशी मरंल," ती म्हणाली, पण पुन्हा आडवी झाली. दोन वर्षं जी रजा कुणालाच मिळत नव्हती, ती एका आठवड्यात दोघांनाही मिळाली. ऑफिस काही बंद पडलं नाही. शाळाही भरत राहिली.

लातूरला पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर आला. शिवांगी पुस्तक ठेवून उठली. "तू वाच," तो म्हणाला, आणि आईची स्टीलची घागर घेऊन खाली गेला.

भरलेली घागर खांद्यावर घेतली तेव्हा काही वाटलं नाही. पहिल्या वळणावर वाटलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कंबरेत अशी चमक निघाली की डोळ्यांपुढे काजवे आले. कठड्याला धरून तो उभा राहिला. वरून शिवांगी वाकून बघत होती.

"पप्पा, तिथं ठेवा. आजी तिथंच ठेवायची."

त्यानं घागर खाली ठेवली. ठेवताना दिसलं, की तिथल्या फरशीवर आधीच एक पांढरं कडं उमटलेलं होतं. टँकरच्या खाऱ्या पाण्याचं, ओल्या घागरीच्या बुडाचं, रोज रोज ठेवून पक्कं झालेलं. घागर त्यात बरोबर बसली. खाली पहिल्या वळणावरही तसंच कडं होतं, ते आता त्याला आठवलं. चढताना त्यानं त्यावर पाय दिला होता.

"इथं ती बसायची पण," शिवांगी म्हणाली. "जानेवारीनंतर लई वेळ बसायची. मी खाली यायला लागले की म्हणायची, आत जा, आन् तुझ्या बापाला सांगू नको. पेपर होईपर्यंत काढायचं हाय मला." ती दोन पायऱ्या खाली आली. "मी सांगायला पाहिजे होतं ना पप्पा?"

"न्हाई बेटा," शिवशंकर म्हणाला. "तू सांगितलंस. मीच ऐकलं नाही. जा, वाच."

ती आत गेली. तो पायरीवर बसला, घागरीशेजारी, जिथं माय बसायची तिथं. खिशातला फोन वाजला. नांदेडहून.

"पानी आलं का रे?" साखराबाईनं विचारलं.

"आलं."

"वर न्हेलंस?"

"न्हेऊन राहिलो."

"पाठ दुखून राहिली का?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि म्हटल्या म्हटल्या त्याला तो शब्द ओळखीचा वाटला. गाडीत प्रत्येक खड्ड्याला ऐकलेला.

"खोटं बोलू नको. दुखली तर ठिऊन द्यावं. उगं जोर करू नये."

 हा प्रश्न डिसेंबरात त्यानं विचारला असता. जानेवारीत विचारला असता. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माय, ऐक. डॉक्टरीणबाईला तू म्हणालीस, मीच सांगितलं जुनं हाय म्हणून. तू न्हाई सांगितलं. मी सांगितलं होतं."

"ठाव हाय मला. मी काय बहिरी हाय?"

"मला दोन मणके दिसले होते. दिसून मी गप्प बसलो."

 पलीकडून राजश्रीच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"आन् त्या दिवशी तू काहीतरी म्हणत होतीस," तो म्हणाला. "'ह्या वेळचं दुखनं' म्हणालीस आणि मी मधीच तोंड घातलं. काय सांगणार होतीस?"

"जाऊ दे की आता."

"सांग माय. मी ऐकून राहिलो."

 मग ती बोलली, नेहमीच्याच आवाजात, भाजीत मीठ कमी पडलं हे सांगावं तशी.

"काय न्हाई रे. म्हननार होते, ह्या वेळचं दुखनं भूकंपावानी न्हाई. त्या वेळी तू खाली होतास. तू जित्ता हाईस का ते बघन्यात पाठीचं ध्यानच न्हाई राह्यलं. ह्या वेळी खाली कुनीच नव्हतं. म्हनून लई दुखलं."